गोष्ट सांगणाराची की खेळणाराची?

(नभोवाणीवरील भाषण)

गोष्ट ऐकणाराचा आजवर एकच प्रश्न असे, ‘मग पुढे काय झाले?’ आजीच्या कुशीत निजलेले मूल असो, कीर्तनाच्या उत्तररंगात तल्लीन झालेला श्रोता असो, की मासिकातील क्रमशः कादंबरीच्या पुढील प्रकरणाची वाट पाहणारा वाचक असो, सर्वांची उत्कंठा याच चार शब्दांत सामावलेली असे. सांगणारा पुढे चाले आणि ऐकणारा त्याच्या मागोमाग जाई. परंतु व्हिडिओ गेम या नावाने जे खेळ आज आपल्या घरांत शिरले आहेत, त्यांपैकी कित्येकांनी ही रीत उलटी केली आहे. गोष्ट ऐन रंगात आली की ती थांबते आणि ऐकणारालाच विचारते, ‘आता पुढे काय करू?’

ही प्रगती म्हणावी की अनर्थ, याविषयी जाणत्या लोकांत मोठा मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो, सूत्रे खेळणाराच्या हाती दिल्यावाचून खेळाला खेळपण येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, सूत्रे दिली की गोष्टीचे गोष्टपण गेले. या वादाचा निवाडा कोणत्या कसोटीवर करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. संगणकाच्या विद्येत मला गती आहे असे नव्हे. परंतु गोष्ट सांगणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग होता, आणि निवृत्तीनंतर नातवंडांच्या शेजारी बसून मी हे खेळ पुष्कळ पाहिले, काही स्वतः खेळलो. म्हणून त्यांच्याकडे मी यंत्राच्या बाजूने न पाहता गोष्टीच्या बाजूने पाहणार आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, खेळणाराला निवड किती द्यावी, हा प्रश्न पडद्यावरील खेळांनी नव्याने काढलेला नाही. आपल्या घरातील जुने पटच पाहा. सापशिडीत खेळणाराला एकही निवड नसते. फासा पडेल तितकी घरे चालावयाचे, शिडी आली तर चढावयाचे, साप आला तर उतरावयाचे. आपल्याकडील जुन्या पटांवर शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे असत. म्हणजे तो खेळ नसून दैवाने सांगितलेली एक नीतिकथाच होती. सोंगट्यांत दान दैवाचे, परंतु कोणती सोंगटी पुढे काढावयाची हे खेळणाराचे. बुद्धिबळात तर दैवाला जागाच नाही. जी काही निवड ती खेळणाराची. हे तिन्ही खेळ शतकानुशतके सुखाने नांदले. एकाने दुसऱ्याला खोटे ठरविले नाही.

पडद्यावरील गोष्टीत ही निवड कशी शिरली, त्याचा इतिहास मोठा हृद्य आहे. १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउदर नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. त्यांना गुहा धुंडाळण्याचा नाद होता, आणि केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा त्यांच्या विशेष परिचयाची होती. आपल्या लहान मुलींना करमणूक व्हावी म्हणून त्यांनी त्या गुहेवरून ‘ॲडव्हेंचर’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. केवळ शब्द होते. आपण कोठे उभे आहोत याचे वर्णन उमटे, आणि खेळणाराने ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशी आज्ञा लिहिली की गोष्ट त्या वाटेने पुढे सरके. १९७७ साली डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. एडवर्ड पॅकार्ड नावाचे वकील आपल्या मुलींना निजताना गोष्टी सांगत आणि मध्येच अडले की मुलींनाच विचारीत, ‘आता तुम्ही काय कराल?’ त्यातूनच १९७९ साली ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक निघाले. त्यात वाचक एक निवड करील तर अमुक पानावर जातो, दुसरी करील तर तमुक पानावर. आणि शेवट एक नव्हे, चाळीस. दोन्ही ठिकाणी मुळाशी आहे तो बाप आणि त्याच्या मुली. निवड देणे ही यंत्राची लहर नसून ऐकणाराला गोष्टीत ओढून घेण्याची ती एक जुनी घरगुती युक्ती होय.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते ऐकण्यासारखेच आहे. रॉजर ईबर्ट हे अमेरिकेतील एक थोर चित्रपटसमीक्षक होऊन गेले. २००५ साली त्यांनी असे मत मांडले की, व्हिडिओ गेम खेळणाराच्या निवडीवर उभे असतात, आणि गंभीर साहित्य व चित्रपट हे लेखकाच्या अधिकारावर उभे असतात. सबब हे खेळ कलेच्या पायरीला पोहोचणार नाहीत. पुढे २०१० साली, या खेळांचा पुरेसा अनुभव नसताना आपण त्यांविषयी लिहावयास नको होते, इतके त्यांनी उदारपणे मान्य केले. परंतु आपले मूळ मत सोडले नाही.

या मतात तथ्य आहे ते असे. कल्पना करा की, महाभारताची कथा द्यूतसभेपाशी येऊन थांबली आहे आणि कथेकरीबुवा आपणांस विचारीत आहेत, ‘धर्मराजाने फासे टाकावेत की पटावरून उठावे?’ आपल्यापैकी कोण ‘टाकावेत’ म्हणेल? सर्व सभा एका आवाजाने ‘उठा’ म्हणेल. धर्मराज उठतील, वनवास टळेल, युद्ध टळेल, आणि महाभारत सभापर्वातच आटोपेल. ती कथा आपले काळीज हलविते ते याचकरिता की, आपल्याला अनर्थ दिसत असतो आणि तो थांबविता येत नाही. शोकान्त कथेचे सारे सामर्थ्य या हतबलतेत आहे. ऐकणाराच्या हाती लगाम दिला तर तो आपल्या माणसांना प्रत्येक खड्ड्यातून वाचवील, आणि मग गोष्ट उरणार नाही, नुसते कल्याण उरेल.

याला उत्तर म्हणून दुसरा पक्ष सांगतो की, वाचकही कधी निष्क्रिय नसतो. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्निया राज्याचा एक कायदा रद्द ठरविला. लहान मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास बंदी घालणारा तो कायदा होता. खेळात मुलगा स्वतः भाग घेतो म्हणून हे खेळ निराळे मानावेत, असा राज्याचा युक्तिवाद होता. निकाल लिहिताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी वाचकाला निवड देणाऱ्या मुलांच्या पुस्तकांचा दाखला दिला, आणि साहित्य हे सारेच वाचकाला आत ओढणारे असते, या आशयाच्या एका न्यायाधीशांच्या वचनाचा आधार घेतला. हा युक्तिवाद कायद्यापुरता पटतो. परंतु गोष्टीपुरता तो अपुरा आहे. वाचक मनाने कितीही गुंतला तरी धर्मराजाचा हात धरू शकत नाही. खेळणारा धरू शकतो. हा भेद शब्दांनी मिटणारा नव्हे.

तेव्हा वाद तसाच ठेवून आपण थोडे गणित करू; मास्तराला ती सवयच असते. समजा, एका गोष्टीत दहा ठिकाणी निवड आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वाटा दोनच आहेत. पहिल्या निवडीने दोन गोष्टी होतात, दुसरीने चार, तिसरीने आठ. दहाव्या निवडीच्या शेवटी १,०२४ निरनिराळे शेवट होतात, आणि तेथवर पोहोचण्यासाठी एकूण २,०४७ प्रसंग लिहावे लागतात. खेळणारा मात्र एका वेळी त्यांतील अकराच पाहतो. वीस निवडी ठेवल्या तर शेवटांची संख्या दहा लाखांच्या वर जाते. एवढे प्रसंग कोणता लेखक लिहील, कोण चितारील? म्हणून व्यवहारात प्रत्येक लेखक एकच उपाय करतो. वाट फुटू देतो आणि थोडे पुढे गेल्यावर दोन्ही वाटा पुन्हा एका रस्त्याला आणून मिळवितो. डावीकडून जा की उजवीकडून, पूल एकच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खेळातले नसून बोलपटातले आहे. १९६७ साली कॅनडातील माँट्रियल येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडुझ चिनचेरा यांनी ‘किनोऑटोमॅट’ नावाचा प्रयोग दाखविला. प्रत्येक खुर्चीला एक हिरवे व एक लाल बटण. एका बाईच्या घराचे दार तिच्यामागे लागून गेले आहे, अंगावर केवळ टॉवेल आहे, आणि ती शेजारच्या नोव्हाक नामक गृहस्थाचे दार ठोठावते; त्याची पत्नी एवढ्यात घरी येणार. दार उघडावे की नाही? येथे चित्रपट थांबे, निवेदक रंगमंचावर येई, आणि प्रेक्षक मते देत. बहुमत होई तो प्रसंग पुढे लागे. प्रेक्षक मोठ्या उत्साहाने मतदान करीत. परंतु त्यांनी काहीही ठरविले तरी शेवट एकच होता. घराला आग लागावयाची ती लागतच असे. मतदानाच्या भ्रमावरील तो एक तिरकस विनोद होता, आणि चेक लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग निवड ही निव्वळ फसवणूकच ठरली की काय? बहुतेक लोक येथे येऊन थांबतात आणि ‘खरी निवड’ म्हणजे ‘वेगळा शेवट’ असे समीकरण मांडतात. मला ते समीकरणच चुकीचे वाटते. दोन खेळांची तुलना केली म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. दोन्ही २०१२ सालचे आहेत.

पहिला ‘मास इफेक्ट’ या मालिकेचा तिसरा भाग. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २००७, २०१० आणि २०१२ या वर्षी तीन भागांत ही अंतराळयुद्धाची कथा सादर केली. तिचे वैशिष्ट्य असे की, पहिल्या भागात आपण ज्याला वाचविले तो पुढील भागात भेटे, ज्याला मरू दिले त्याची जागा रिकामी दिसे. लोकांनी पाच वर्षे मन लावून निर्णय घेतले. परंतु अखेरीस त्या साऱ्या निर्णयांचे फळ तीन पर्यायांपाशी येऊन ठेपले, आणि त्या तीन शेवटांत प्रकाशाच्या रंगाखेरीज फारसा भेद नाही, अशी खेळणारांची तक्रार झाली. एवढा गहजब उडाला की, त्याच वर्षी जून महिन्यात संस्थेला शेवट विस्तारून विनामूल्य द्यावा लागला.

दुसरा खेळ टेलटेल गेम्स या संस्थेचा ‘द वॉकिंग डेड’. जग एका भयंकर संकटाने उद्ध्वस्त झाले आहे. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झालेला ली नावाचा माणूस अपघाताने मोकळा होतो, आणि क्लेमेंटाइन नावाच्या आठ वर्षांच्या अनाथप्राय मुलीचा सांभाळ त्याच्याकडे येतो. खेळणारा म्हणजे ली. एके ठिकाणी दोघे जण संकटात सापडतात. एकालाच वाचविण्यापुरता वेळ असतो, आणि उत्तर काही क्षणांतच द्यावयाचे असते. आपण एकाला वाचवितो. पुढे दोन प्रकरणांनंतर तो वाचलेला माणूसही मारला जातो. आपण कोणालाही निवडले असते तरी असेच झाले असते. अखेरीस लीही मरतो. ते कोणत्याही वाटेने चुकत नाही. म्हणजे फाटे मोजले तर हा खेळ ‘मास इफेक्ट’हून कितीतरी दरिद्री आहे. तरीही तो खेळून उठलेली माणसे, आपली फसवणूक झाली, असे सहसा म्हणाली नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

असे का व्हावे? कारण या खेळाने ‘तू जगाचे भवितव्य बदलशील’ असे वचनच दिले नव्हते. त्याने इतकेच सांगितले की, ही मुलगी तुझ्याकडे पाहत आहे. तू खोटे बोललास ते तिने ऐकले. तू दुसऱ्याचे अन्न उचललेस की नाही, ते तिने पाहिले. शेवट ठरलेलाच होता, परंतु त्या शेवटापर्यंत मी कसला माणूस म्हणून गेलो, हे ठरलेले नव्हते. आणि श्रोतेहो, विचार करा, आपल्या सर्वांच्या आयुष्याची तऱ्हा याहून निराळी काय आहे? शेवट कोणाला चुकला आहे?

तेव्हा माझी कसोटी अशी आहे. निवडीचे मोल फाट्यांच्या संख्येवर ठरत नाही. ते जबाबदारीवर ठरते. केलेली निवड निवडणाराच्या मनाला चिकटून राहिली तर ती खरी, मग शेवट एक असो वा चाळीस. चिकटली नाही तर ती खोटी, मग शेवट लाख असोत.

या कसोटीला उतरणारा मला ठाऊक असलेला उत्तम नमुना म्हणजे लुकास पोप यांनी २०१३ साली काढलेला ‘पेपर्स, प्लीज’. चित्रे अगदी साधी, रंग मळकट. खेळणारा एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सरहद्दीवर बसलेला कारकून आहे. येणाराचे पारपत्र तपासावयाचे आणि शिक्का मारावयाचा, ‘प्रवेश’ किंवा ‘नकार’. दिवसाला जितकी माणसे तपासाल तितका पगार. घरी बायको, मुलगा, सासू आणि चुलते आहेत. त्यांना अन्न, ऊब आणि औषध पाहिजे. एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याचे कागद बिनचूक आहेत. जाता जाता तो विनवितो की, मागून माझी पत्नी येत आहे, तिच्यावर दया करा. पत्नी येते, तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नाही. शिक्का आपल्या हातात आहे. सोडावे तर वरून चुकीची चिठ्ठी येते, आणि अशा चिठ्ठ्या वाढल्या की पगार कापला जातो. नाकारावे तर नवरा आत आणि बायको बाहेर. येथे पुण्याचा मार्ग हिरव्या अक्षरांत आणि पापाचा तांबड्या अक्षरांत लिहिलेला नाही. कोणी उपदेश करीत नाही. रात्री घरचा हिशेब समोर येतो, एवढेच. या खेळाला वीस शेवट आहेत खरे. परंतु ते एकही न पाहिलेल्या माणसाला ती बाई आठवत राहते.

मग एकमार्गी गोष्टीचे काय? ती मागासलेली म्हणून टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. २०१३ सालच्याच ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळात खेळणाराला गोष्ट बदलण्याची तसूभरही मुभा नाही. एका रोगाने जग पोखरले आहे. एली नावाच्या मुलीला तो रोग बाधत नाही. पोटची मुलगी गमावलेला जोएल नावाचा प्रौढ मनुष्य तिला देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेतो. अखेर कळते की, डॉक्टर तिच्यापासून औषध करू पाहतील, परंतु त्यात ती वाचणार नाही. जोएल जगाचा विचार करीत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरून डॉक्टरला मारतो आणि मुलीला उचलून नेतो. हे कृत्य खेळणाराला स्वतःच्या बोटांनी करावे लागते. कोणाला ते अधर्म्य वाटेल. ‘मी असे करणार नाही’ म्हणून तो हात आवरील. पण खेळ तेथेच उभा राहतो, पुढे जात नाही. कारण ही गोष्ट आपली नाही, जोएलची आहे. लेखकाला आपणांस विचारावयाचे नाही, दाखवावयाचे आहे. पुत्रशोकाने वेडावलेला बाप आतून कसा असतो, ते त्याच्या कातडीत शिरून पाहा, असे तो म्हणतो. निवड दिली असती तर आपण आपल्यालाच पाहिले असते. निवड काढून घेतली म्हणून आपण दुसऱ्याला पाहिले.

आणि एकमार्गीपणाचाच प्रश्न करून दाखविणारा खेळही आहे. २००७ सालच्या ‘बायोशॉक’मध्ये समुद्रतळाच्या एका भग्न नगरात आपण हिंडत असतो, आणि बिनतारी यंत्रावरून एक गोड आवाज आपणांस ‘कृपा करून हे करा, कृपा करून तेथे जा’ असे सांगत असतो. आपण मुकाट्याने करीत जातो. पुष्कळ पुढे गेल्यावर उलगडा होतो की, त्या नायकाला तो विनंतीचा शब्द ऐकला की आज्ञा पाळावीच लागेल, असे लहानपणापासून घडविलेले होते. खेळणारा चमकतो, कारण त्याला कोणी घडविले नव्हते, तरी तोही एकदाही ‘का’ म्हणाला नाही. नभोवाणीवर बोलणाराने हे उदाहरण देणे थोडे धाडसाचेच आहे. तेव्हा माझ्या गोड विनंतीवरून श्रोत्यांनी काहीही करू नये, हे बरे!

सारांश, दोन्ही रीती खऱ्या आहेत आणि त्यांची कामे निराळी आहेत. एकमार्गी गोष्ट आपल्याला परकायाप्रवेश घडविते. बहुमार्गी गोष्ट आपल्यापुढे आरसा धरते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. हिरावून नेलेल्या धाकट्या भावाला शोधीत निघालेल्या बहिणीची ती एकमार्गी कथा आहे. तिथे ‘भावाला शोधावे की घरी बसावे’ असा पर्याय कोणी मागणार नाही. मागितला तर ती राजी राहणार नाही. गोष्टीला निवड हवी की नको, हे गोष्टच सांगते.

आता या प्रश्नाचा आपल्या घरांशी जो संबंध आहे, तो सांगून आवरते घेतो. बहुमार्गी खेळांत एक मोठी खोड आहे. खेळणाराला कोणत्याही क्षणी खेळ जतन करून ठेवता येतो, आणि निर्णय अंगाशी आला की मागे जाऊन तो पुसता येतो. आधी दगा देऊन पाहावयाचे, मग परत येऊन इमान राखावयाचे. पश्चात्तापाची पाळीच नाही. ही सोय खेळापुरती ठीक. परंतु तिनेच निवडीतला सारा भार निघून जातो. ही खोड ओळखून टोबी फॉक्स यांनी २०१५ साली ‘अंडरटेल’ हा खेळ रचला. त्यात कोणालाही न मारता शेवटास जाता येते. आरंभीच एक मायाळू बाई आपला सांभाळ करते. तिला मारून, मग हळहळून, मागे जाऊन तिला वाचविले, तर थोडे पुढे गेल्यावर एक पात्र आपणांस टोचून म्हणते की, तू काय केले होतेस ते मला ठाऊक आहे. पुसलेली पाटी कोरी नसते, हे त्या एका प्रसंगाने जसे मनावर ठसते तसे मास्तरांच्या दहा तासांनी ठसणार नाही. हे मी मास्तर असूनच सांगतो.

मुलगा खेळाला बसला की आपण एकच प्रश्न विचारतो, ‘किती वेळ झाला?’ तो प्रश्न रास्त आहे. डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी वडीलधाऱ्यांनी घेतलीच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. गोष्ट एकमार्गी असेल तर विचारावे, ‘त्या माणसाने असे का केले?’ आणि गोष्ट बहुमार्गी असेल तर विचारावे, ‘तू काय निवडलेस, आणि का?’ पहिल्या प्रश्नाने मूल दुसऱ्याचे मन जाणावयास शिकेल, दुसऱ्याने स्वतःचे. वर्गात हरिश्चंद्राची कथा सांगितली की एखादा मुलगा हमखास विचारी, ‘गुरुजी, स्वप्नात दिलेले वचन त्याने मोडले असते तर काय झाले असते?’ पुस्तकात त्याचे उत्तर नसे. पण त्या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होई, तिच्यात नुसत्या कथेहून अधिक शिक्षण होते असे मला नेहमी वाटे.

हीच मुले उद्या अठरा वर्षांची होतील, मतदान करतील, व्यवसाय निवडतील, जोडीदार निवडतील. तेथे जतन करून ठेवलेली जागा नाही आणि मागे नेणारे बटण नाही. पर्याय किती होते, हे त्यांना कोणी विचारणार नाही. घेतलेला निर्णय निभावला की नाही, हे मात्र सारे जण पाहतील. खेळाने त्याची थोडी तालीम दिली, तर तो वेळ फुकट गेला असे मी म्हणणार नाही. त्यासाठी आज रात्री मुलाच्या शेजारी घटकाभर बसून त्याच्या पडद्यावरची गोष्ट पाहिली पाहिजे, एवढेच.